क्रिस्पर जमलं, अडली ती अँटीबॉडीची फाइल

मूत्रपिंडाला अचानक इजा झाली तर रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला एक-दोन दिवस जातात. एनगॅल हे प्रोटीन मात्र काही तासांतच लघवीत वाढलेलं दिसतं. माझं काम त्याच्यावर. त्याचं जनुक, एलसीएन2, एचके-2 पेशींत (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, मूत्रपिंडाच्या नलिकांच्या पेशी) बंद कसं पाडायचं आणि प्रोटीन मोजायचं कोणत्या अँटीबॉडीने (ठरावीक प्रोटीनला चिकटून ते ओळखणारा रेणू), हे दोन्ही मला ठरवायचं होतं.

जनुकाचं काम क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने विनासायास झालं. प्लास्मिड (कॅस9 बनवण्याची सूचना असलेलं डीएनएचं कडं) न वापरता डीएनए कापणारं कॅस9 प्रोटीन आणि त्याला कापायची जागा दाखवणारा गाइड आरएनए आधीच जोडून इलेक्ट्रोपोरेशनने, म्हणजे विजेच्या झटक्याने, पेशींत सोडलं. हे कॅस9 साधारण दिवसभरात नाहीसं होतं, त्यामुळे नको तिथे कापलं जाण्याचा धोका कमी. जैवसुरक्षा समितीची मंजुरीही वेळेवर मिळाली.

फाइल अडली खरेदी विभागात.

नलिकांच्या पेशींतून येणारं एनगॅल मुख्यतः सुटं असतं, 25 किलोडाल्टनचं (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप). न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमधून मात्र त्याची दोन रेणू जुळलेली, 45 किलोडाल्टनची जोडी मोठ्या प्रमाणात येते. रुग्णाला मूत्रमार्गाचा संसर्ग असेल तर ही जोडी आकडा फुगवते आणि मूत्रपिंडाला इजा झाल्याचा भास होतो. म्हणून मला सुटं रूप नीट पकडणारा अँटीबॉडीचा एक ठरावीक क्लोनच (एकाच पेशीवंशातून आलेली, एकसारखी अँटीबॉडी) हवा होता. विभागाने तीन कोटेशनं मागवली, तुलनात्मक तक्ता केला आणि सर्वांत स्वस्त अँटीबॉडीवर खूण केली. "मॅडम, प्रोटीन तेच आहे ना? मग महाग कशाला?" मी समजावून सांगितलं, लेखी दिलं. फाइल लेखा विभागात गेली, तिथून शेरा घेऊन परत आली, पुन्हा त्याच टेबलावर. 31 मार्च तोंडावर आलेला आणि रुग्णांनी विश्वासाने दिलेले नमुने उणे 80 च्या फ्रीजरमध्ये पडून. त्या दिवसांचा राग अजून गेलेला नाही. ज्या टेबलावर निवड होते तिथे क्लोन म्हणजे काय हे विचारणारं कोणी नसावं, हे मला आजही पटत नाही.

शेवटी उपयोगी पडल्या त्या आमच्याच पेशी. स्वस्त अँटीबॉडीची नमुना कुपी वितरकाकडून मागून घेतली आणि एलसीएन2 बंद केलेल्या पेशींवर वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखण्याची चाचणी) केला. प्रोटीनच नाही तिथेही ठसठशीत पट्टा आला, म्हणजे ती भलत्यालाच चिकटत होती! आम्हाला हव्या असलेल्या क्लोनने तिथे काहीच दाखवलं नाही. दोन्ही ब्लॉट शेजारी ठेवून, एकाच उत्पादकाकडून खरेदीची मुभा देणाऱ्या सरकारी वित्तीय नियम 166 खाली हा क्लोन एकच उत्पादक बनवतो असं प्रमाणपत्र जोडलं आणि सही झाली. ते दोन ब्लॉट दाखवताना मला फार अभिमान वाटला.

म्हणून आधी नॉकआउट, म्हणजे जनुक बंद केलेल्या, पेशी तयार करा, अँटीबॉडीची ऑर्डर मग. मागणीपत्रात नुसतं प्रोटीनचं नाव लिहू नका. क्लोन क्रमांक, कोणतं रूप ओळखायचं आहे आणि नॉकआउटवरची तपासणी, तिन्ही लिहा. जून 2025 मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा 2 लाखांवर नेली. आमची फाइल त्याआधीची. तुमच्या संस्थेला ती लागू आहे का, आधी विचारा.

जोडी बघायची तर ब्लॉटच्या बफरमध्ये (नमुना ज्यात मिसळतात त्या द्रावणात) डीटीटी हे बंध तोडणारं रसायन घालू नका, त्याने जोडी तुटते. जनुक-संपादन तपासायला नुसत्या टी7 चाचणीवर (ती डीएनएचे न जुळणारे धागे कापून बदल दाखवते) राहू नका. जनुकाच्या दोन्ही प्रतींत सारखाच बदल झाला असेल तर ती काहीच दाखवत नाही, डीएनएचा क्रम वाचणारं सँगर सिक्वेन्सिंग करा. आणि लघवीचे नमुने गोठवण्याआधी सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणीच ठेवा, नाहीतर गोठताना न्यूट्रोफिल फुटतात आणि त्यांचं एनगॅल मोजणीत मिसळतं.