डावीकडची ती पट्टी

स्क्रीन शेअर केली रे केली, की चॅटमध्ये प्रश्न येतो: "मॅडम, ते डावीकडचं सॉफ्टवेअर कुठलं? लिंक द्या ना." कुणाला तो मॅक वाटतो, तर कुणाला वाटतं विंडोजवर काहीतरी चढवलंय. मी शिकवते हिशेब आणि स्प्रेडशीट, पण व्हीलुकअपपेक्षा माझ्या आयकॉनबद्दलच जास्त शंका येतात. क्लासच्या वेळेत हे पुराण लावणं बरं नाही, म्हणून इथे एकदाच काय ते सांगते.

लिंक नाही, कारण वेगळं सॉफ्टवेअरच नाही. लॅपटॉप जुना आहे, त्यावर विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रकारची ऑपरेटिंग सिस्टिम आहे, आणि आयकॉनची ती उभी पट्टी म्हणजे उबुंटूचा स्वतःचा डॉक, ॲप उघडायची पट्टी. 2017 मध्ये उबुंटूने आपला युनिटी डेस्कटॉप सोडून ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप घेतला, तेव्हा 'डॅश टु डॉक' नावाच्या एक्स्टेन्शनवरून, म्हणजे ग्नोमच्या जोडपुरवणीवरून, हा डॉक बेतला. पट्टी डाव्या कडेला ठेवायची सवय मात्र युनिटीच्या काळापासूनची. सेटिंग्जमध्ये 'उबुंटू डेस्कटॉप' असा भाग आहे. आयकॉनचा आकार, पट्टीची जागा, ती आपोआप लपावी की नाही, सगळं तिथेच मिळतं.

त्यात 'पॅनल मोड' नावाचं एक बटण आहे. ते बंद केलं की पट्टी कडेला मधोमध तरंगते, मॅकसारखी. फोटोत झकास दिसते. मी ते चालू ठेवते, आणि कारण सांगण्यासारखं आहे. तरंगणारा डॉक मधोमध असतो, त्यामुळे नवं ॲप उघडलं की तो दोन्ही बाजूंना वाढतो आणि प्रत्येक आयकॉन थोडा थोडा सरकतो. आत्ता जिथे फाइल्सचा फोल्डर होता, तिथे आता ब्राउझर. पॅनल मोडमध्ये पट्टी वरपासून खालपर्यंत ताणलेली असते. पिन केलेले, म्हणजे कायमचे लावून ठेवलेले, आयकॉन वरून सुरू होतात आणि नवं ॲप त्यांच्या खाली येऊन बसतं. वरचे जागचे हलत नाहीत.

ही तक्रार माझी एकटीची नाही. मॅकचा आजचा डॉक मॅक ओएस एक्सबरोबर 2001 मध्ये आला, त्याआधी नेक्स्टस्टेप या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तो स्क्रीनच्या उजव्या कडेला होता. ब्रूस टॉग्नाझिनी हे ॲपलच्या सुरुवातीच्या काळातले इंटरफेसतज्ज्ञ. त्यांनी मॅकच्या डॉकवर सडकून टीका केली होती, आणि आयकॉन जागा बदलतात, नावं दिसत नाहीत, हे त्यातले मुद्दे होते. त्यातला नावांचा मुद्दा मला फारसा पटत नाही. रोज वापरायच्या वस्तूवर कुणी नाव वाचत नाही. स्वयंपाकघरात मिठाच्या डब्यावर चिठ्ठी नसते, हात बरोबर जातो. पण कुणी डबे हलवले की चहात मीठ पडलंच म्हणून समजा.

डावी कड का, तर आजच्या स्क्रीन आडव्या आणि रुंद असतात. रुंदीतून थोडी जागा गेली तर कळतही नाही, उंचीतून गेली तर स्प्रेडशीटच्या ओळी कमी दिसतात. दुसरं कारण पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडलेल्या नियमात आहे: लक्ष्य जितकं लहान आणि जितकं लांब, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. स्क्रीनच्या कडेला मात्र माउस कितीही जोरात ढकला, बाण तिथे अडतोच. नेम धरावा लागत नाही. म्हणून लपणारा डॉकही मला नको. कडेला जा, तो बाहेर येईपर्यंत थांब, मग शोध, एवढा खटाटोप कशाला?

जवळ गेलं की फुगणारे आयकॉन तर मुळीच नकोत. एक्सपीच्या जमान्यात आपल्याकडे असेंबल्ड पीसीवर रॉकेटडॉक, म्हणजे विंडोजवर मॅकसारखा डॉक आणणारं ॲप, टाकायची टूम होती, ते आठवत असेल. वर आयकॉन उड्या मारतायत आणि खाली विंडोजचा टास्कबार आहे तसाच. पाहुण्यांना दाखवायला छान होतं. काम सगळे टास्कबारवरूनच करायचे.

आणखी एक सोय फार कमी जणांना माहीत असते. सुपर, म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली की, आणि त्याबरोबर आकडा दाबला की डॉकमधलं त्या क्रमांकाचं ॲप उघडतं. क्लासमध्ये मी माउसला हात न लावता ब्राउझरवरून शीटवर उडी मारते, ती अशी. मग क्रमाला महत्त्व येतं. माझ्याकडे पहिला फाइल्स, दुसरा ब्राउझर, तिसरा कॅल्क, म्हणजे माझं स्प्रेडशीटचं ॲप. उरलेले हळूहळू खाली. पट्टीत आठवड्यातून एकदा लागणारी गोष्ट ठेवायचीच नाही, ती नाव टाइप करून उघडावी.

आता आयकॉन. संच आहे पापिरस नावाचा, उबुंटूच्या सॉफ्टवेअरच्या भांडारातच मिळतो. ग्नोम ट्वीक्स हे छोटं ॲप टाका, त्यात 'अपिअरन्स'खाली आयकॉन निवडा, झालं. पण इथे हमखास एक पेच येतो: सगळे आयकॉन बदलतात आणि फायरफॉक्स ढिम्म तसाच राहतो. याचं कारण सरळ आहे. प्रत्येक ॲपची 'डॉट डेस्कटॉप' अशी शेवट असलेली एक छोटी मजकुराची फाइल असते. तिच्यात आयकॉनची एक ओळ असते. तिथे नुसतं नाव असलं, तर यंत्रणा ते चित्र आधी तुम्ही निवडलेल्या संचात शोधते, नाही मिळालं तर त्याच्या मूळ संचात, आणि अगदी शेवटी हायकलर नावाच्या सर्वसाधारण संचात. स्नॅप या उबुंटूच्या पॅकेज प्रकारातल्या ॲपच्या फाइलमध्ये, आणि उबुंटूचा फायरफॉक्स त्यातलाच, मात्र नावाऐवजी चित्राचा पूर्ण पत्ताच दिलेला असतो. पत्ता हातात असताना शोधाशोध कोण करणार?

उपाय असा: ती फाइल आपल्या होम फोल्डरमधल्या 'डॉट लोकल', त्यातल्या 'शेअर', त्यातल्या 'ॲप्लिकेशन्स'मध्ये त्याच नावाने कॉपी करायची. 'डॉट लोकल' हा फोल्डर लपलेला असतो, कंट्रोल-एच दाबलं की दिसतो. मग आयकॉनच्या ओळीतला पत्ता खोडून नुसतं नाव लिहायचं. मूळ फाइलपेक्षा होममधल्या फाइलला मान जास्त, त्यामुळे बदल टिकतो. नावाची ओळही अशीच बदलता येते. कॅल्कवर बाण नेला की 'हिशेब' असं येतं, ते कुठून, हेही तुम्ही विचारता. इथून.

पापिरस का, तर त्यात ज्याचा त्याचा आकार शाबूत आहे. कुठे गोल, कुठे उभा कागद, कुठे फोल्डर. मला सगळे आयकॉन एका साच्यातून काढलेले आवडत नाहीत, मग ते कितीही देखणे असोत. 2020 मध्ये गूगलने जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट सगळ्यांना तेच चार रंग दिले, आणि छोट्या आकारात ते एकमेकांची भावंडं वाटू लागले. त्याच वर्षी मॅकने बिग सर या आवृत्तीत आपल्या ॲपना गोल कोपऱ्यांचा चौकोन नेसवला. 2025 च्या टाहो या आवृत्तीत तर जो आयकॉन साच्यात बसत नाही त्याच्यामागे राखाडी चौकोन लागतो. पट्टी नीटनेटकी दिसते, मान्य. पण डोळा आधी बाह्यरेषा ओळखतो, आणि तीच काढून घेतली तर उरतो रंग. सुझन केअर यांनी 1984 च्या मॅकिंटॉशसाठी बत्तीस बाय बत्तीस ठिपक्यांत, काळ्या-पांढऱ्यात आयकॉन काढले, तेव्हा त्यांच्याकडे रंगसुद्धा नव्हता. तरी कचऱ्याची टोपली कचऱ्याचीच टोपली दिसायची.

"विंडोजवर जमेल का?" जमेल, थोडंफार. विंडोज 10 मध्ये टास्कबार डावीकडे ओढता येतो. 2021 मध्ये विंडोज 11 आलं तेव्हा त्यातून ती सोय काढलेली होती. आयकॉन मधून डाव्या कोपऱ्यात आणणं तेवढं सेटिंग्जमध्ये राहिलं. तेवढं तरी कराच, म्हणजे नवं ॲप उघडल्यावर बाकीचे सरकणार नाहीत. शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'चेंज आयकॉन' हा रस्ता जुनाच आहे. चित्र तेवढं 'आयको' फाइलमध्ये लागतं. आणि विंडोजच्या कीबरोबर आकडा दाबून पाहा, तेही चालतं.