माती नाही, मग झाड उभं कशात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. आमच्या ठाण्याच्या घरी, पाचव्या मजल्यावरच्या ग्रिलमध्ये पालक, लाल माठ, मिरच्या आणि थंडीत थोडे टोमॅटो मातीशिवाय, म्हणजे हायड्रोपोनिक्सने, येतात, हे कळलं की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: माती नाही, मग झाड उभं कशात राहतं? त्याचं उत्तर चहाबरोबर संपतंय तोवर दुसरा येतो, आणि तो जरा खोचक असतो. ‘बाटलीतलं औषध पाजून वाढवलेली भाजी, ती कसली हो नैसर्गिक?’

मला दुसरा प्रश्न जास्त आवडतो, पण त्याच्या उत्तराची वाट पहिल्यातूनच जाते.

मातीकडून झाड आधार घेतं, पाणी घेतं, मुळांना हवा घेतं आणि क्षार घेतं. या गोष्टी दुसऱ्या कुठून मिळाल्या तर त्याचं मातीवाचून अडत नाही. साक्स आणि क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६०च्या दशकातच पाण्यात क्षार विरघळवून त्यात रोपं वाढवून दाखवली होती. आपल्याकडेही हे काल-परवाचं खूळ नव्हे. शोल्टो डग्लस या इंग्रजाने १९४६च्या सुमारास कालिंपोंगला खडी, वाळू, विटांचे तुकडे असल्या स्वस्त सामानात बिनमातीची भाजी घ्यायचे प्रयोग सुरू केले, आणि त्या पद्धतीला बंगाल पद्धत असंच नाव पडलं. हाताशी जे आहे त्यात लावायचं, हा त्यातला मुद्दा मला फार पटतो.

नुसत्या पाण्यात मुळं सोडायची पद्धत व्हिडिओत छान दिसते. पांढरे पाइप, त्यात ओळीने लेट्यूस. एक तर आमच्याकडे लेट्यूस खातंय कोण? आणि ठाण्याच्या एप्रिल-मेचं काय करायचं? पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, ३० अंशांना साडेसातवर येतो, आणि उन्हातल्या डब्यातलं पाणी तिशी सहज ओलांडतं. मुळं गुदमरतात, तपकिरी, बुळबुळीत होतात आणि बघता बघता सगळा पालक मान टाकतो. त्यातून पाइपांची पद्धत पंपावर चालणारी. भर दुपारी वीज गेली की जिवाला घोर. मुळांभोवती ओल धरून ठेवणारं काहीतरी, म्हणजे माध्यम, असलं की वीज असो-नसो, झाड निवांत राहतं. म्हणून मी माध्यमवाली.

माझी मांडणी अगदी साधी आहे. तेलाचे पंधरा लिटरचे प्लास्टिकचे डबे. खालच्या डब्यात खताचं पाणी, वरच्यात माध्यम आणि रोप, आणि दोघांच्या मध्ये वात. वात सुती नको, काही महिन्यांत कुजते. परकराची नायलॉनची नाडी उत्तम चालते. डब्याला बाहेरून आधी काळा रंग द्यायचा, त्यावर पांढरा. काळ्याने उजेड अडतो म्हणून आत शेवाळं धरत नाही, पांढऱ्याने ऊन परततं म्हणून पाणी कमी तापतं. नाडी जिथून आत जाते त्या भोकाभोवती मच्छरदाणीचा तुकडा घट्ट बसवायचा. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. पावसाळ्यात महापालिकेची माणसं कुंड्यांखालच्या ताटल्या बघत फिरतात ती उगाच नाही.

आता वरच्या डब्यात काय भरायचं ते. इथेच खरी गंमत आहे.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा (वरच्या काथ्याळ सालीचा) भुसा, सगळ्यांना माहीत आहे. नर्सरीत साडेसहाशे ग्रॅमची वीट मिळते, ती बादलीभर पाण्यात टाकली की फुगून आठ-नऊ लिटर होते. माझं माहेर रत्नागिरीकडचं, त्यामुळे लोक मला म्हणतात, ‘तुमच्याकडे काय, सोडणांचे ढीग!’ पण कोकणात सोडण टाकाऊ नसतं. आंघोळीचं पाणी त्यावरच तापतं, आणि आईला विचाराल तर पावसाळ्यात सुकं सोडण मिळणं ही चैन आहे. टाकाऊ असतो तो सोडणातून काथ्या काढताना गळणारा भुसा. त्यात लिग्निन इतकं, की तो लवकर कुजत नाही. काथ्याच्या गिरण्यांशेजारी त्याचे डोंगर वर्षानुवर्षं पडून असायचे आणि पावसात त्यांतून तांबडं पाणी झिरपायचं. तोच न कुजण्याचा दुर्गुण कुंडीत गुण ठरला. वजनाच्या सात-आठपट पाणी धरतो, तरी मोकळा राहतो.

मात्र पिशवीवर ‘धुतलेलं’ छापलंय म्हणून थेट रोप लावू नका. सोडणं पुष्कळदा खाडीच्या पाण्यात कित्येक महिने भिजत घातलेली असतात, त्यामुळे भुशात मीठ मुरलेलं असतं. पोटॅशियम तर नारळाचं स्वतःचंच. वीट भिजवून मूठभर भुसा पिळून बघा. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघतं. त्यात क्षार मोजायचं पेनाएवढं मीटर बुडवलं की आकडा नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट येतो. पाणी बदलत गेलं की रंग फिका होतो, आकडाही उतरतो, आणि माणसाला वाटतं, झालं. पण सोडियम आणि पोटॅशियमचा एक भाग भुशाच्या कणांना चिकटून बसलेला असतो, तो नुसत्या पाण्याने हलत नाही. त्याला उठवायला कॅल्शियम लागतं. मी लिटरमागे साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घालून त्यात भुसा रात्रभर ठेवते, सकाळी निथळून पुन्हा एकदा साध्या पाण्यातून काढते. हे केलं नाही तर तीच अदलाबदल पुढे कुंडीत होते: झाडासाठी दिलेलं कॅल्शियम भुसाच गट्ट करतो. ‘टोमॅटोला बुडाशी काळा डाग येतोय, कसली फवारणी करू?’ असे फोन मला येतात, तेव्हा मी आधी कोकोपीट कसं धुतलं ते विचारते, कारण तो डाग कॅल्शियम कमी पडल्याचा.

कोकोपीट एकटं मला पुरत नाही. ते पाणी फार धरतं, आणि जुलैत हवाच ओली असते तेव्हा मुळं चिखलात उभी राहिल्यासारखी होतात. म्हणून त्यात भाताच्या तुसाचा कोळसा. कर्जत-नेरळकडे भातगिरणीवर तूस मिळतं. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूसच निघतं, त्यामुळे कमी पडायचा प्रश्न नाही. कच्चं तूस घातलं तर त्यात राहिलेले चुकार दाणे उगवतात आणि कुजताना ते नत्रही ओढतं. अर्धवट जाळून काळं केलं की दोन्ही कटकटी जातात आणि सिलिकाचा सांगाडा तसाच उरतो, होडीच्या आकाराचा, हलका, मध्ये हवा खेळेल असा. जाळायचं काम गावी, मोकळ्यावर. सोसायटीच्या गच्चीवर करायला जाल तर अग्निशमन दल येईल. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात विस्तव, त्यावर धुराडं, आणि भोवती तुसाचा ढीग. बाहेरचं तूस काळं होऊ लागलं की पाणी मारून विझवायचं. जरा उशीर झाला की पांढरी राख हाती येते, आणि ती नको, कारण ती फार अल्कली असते. काळा कोळसाही दोन-तीनदा धुवावाच लागतो. उन्हाळ्यात मी दोन भाग कोकोपीटला एक भाग कोळसा घेते, पावसाळ्यात निम्मंनिम्म.

तळाला कौलांचे तुकडे. दुकानात मातीच्या भाजलेल्या गोळ्या मिळतात, भट्टीत हजार अंशांच्या वर फुगवलेल्या, आणि किलोचा भाव ऐकून हात आखडतो. गावोगाव कौलं उतरवून पत्रे घालणं चालू आहे. फुटकं कौल कुणीही आनंदाने देतं. तीही भाजलेली मातीच. बोराएवढे तुकडे करा, घासा, उकळा, की वर्षानुवर्षं चालतात. जांभ्याचा चुरा मात्र घालू नका. दिसतो सुरेख, पण त्यातलं लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं आणि झाड उपाशी राहतं.

रसवंतीवरची उसाची चिपाडं चालतील का, असंही विचारतात. फुकट मिळतात हे खरं. पण त्यांत साखर राहिलेली असते. दोन दिवसांत आंबूस वास, तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग, आणि पुढे कुजता कुजता ती नत्र खाणार. आधी चांगली कुजवून खत करा, मग बघू. आणि नदीतली जलपर्णी? नको. ती पाण्यातले जड धातू शोषून घेते, आणि शहरातून वाहणाऱ्या नदीत काय काय सोडलेलं असतं ते तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

राहिलं रॉकवूल, ज्यावर परदेशातली हरितगृहं चालतात. ते बनतं बेसॉल्टचं, म्हणजे आपला सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा आहे त्याच जातीच्या दगडाचं. सुमारे दीड हजार अंशांना वितळवून त्याचे तंतू काढतात. मूळ बघायला गेलं तर याहून नैसर्गिक काय असणार? पण जाळलेलं इंधन मोजा, आणि वापरून झाल्यावर त्याचं काय करणार तेही बघा. ते कुजत नाही, ठाण्यात कुणी परत घेत नाही, कचऱ्याच्या गाडीत जातं. ‘नैसर्गिक’ या शिक्क्यावर माझा विश्वास नाही तो यामुळे. मी बघते वस्तू किती लांबून आली आणि पीक निघाल्यावर कुठे जाणार. त्या हिशेबात तमिळनाडूतल्या पोल्लाचीहून ट्रकने येणारं कोकोपीटही माझ्या लेखी कर्जतच्या तुसाच्या एक पायरी खालीच आहे. तरी वापरते, कारण पाणी धरण्यात त्याला तोड नाही.

आता त्या ‘औषधा’चं. ते औषध नाही, खत आहे, आणि ते नैसर्गिक नाही. त्यातलं नायट्रेट कारखान्यात बनतं, त्याला लागणारा अमोनिया बहुतेक नैसर्गिक वायूपासून येतो. हे मी लपवत नाही. झाड नायट्रेट घेताना ते शेणखतातून आलं की पोत्यातून, हे पाहत नाही. पण म्हणून मी माझ्या पालकाला ऑरगॅनिकही म्हणत नाही. यावर भल्याभल्यांचं एकमत नाही. अमेरिकेत २०१७ साली सेंद्रिय मानकांच्या सल्लागार मंडळात हायड्रोपोनिक्सला सेंद्रिय दर्जा नाकारायचा ठराव ८ विरुद्ध ७ मतांनी पडला. युरोपीय संघाचा नियम मात्र सेंद्रिय पीक जिवंत मातीतलंच हवं म्हणतो. कुणी मत विचारलंच तर मी युरोपच्या बाजूची.

‘मग जीवामृत घाला की!’ हा सल्ला दर पंधरवड्याला मिळतो. मातीत जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र-गुळाचं आंबवलेलं पाणी, जरूर घाला. माझ्या डब्यात घातलं तर गूळ-शेणावर पोसलेले जिवाणू पाण्यातला प्राणवायू आधी संपवतील, नाडी बुळबुळीत होईल, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू वासाची तक्रार घेऊन खाली येतील.

शेतीच्या दुकानातलं १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत, स्वस्त पडतं म्हणून पुष्कळजण तेच वापरतात. त्यात कॅल्शियम नसतं, आणि निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. युरियाचं नायट्रेट करणारे जिवाणू मातीत भरपूर असतात, डब्यात फारसे नसतात. त्यापेक्षा हायड्रोपोनिक्सचं दोन बाटल्यांचं खत घ्या. बाटल्या दोन का, तर कॅल्शियम आणि सल्फेट-फॉस्फेट दाट अवस्थेत एकत्र आले की पांढरा साका तळाशी बसतो आणि झाडाच्या काही कामाचा राहत नाही. आधी पाणी, मग एका बाटलीतलं, ढवळायचं, मग दुसरीतलं. पाण्याची आम्लता (पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये ठेवायची. ठाण्याला नळाचं पाणी धरणाचं, मऊ, त्यामुळे मला फार त्रास होत नाही. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर आधी ते मोजा, कारण त्यात आधीच इतके क्षार असू शकतात की खताला जागाच उरणार नाही.

आणि परवडतं का, तर ऐका. दोघांच्या घरात आठवड्यातून एक-दोनदा पालेभाजी आणि वरणापुरती मिरची-कोथिंबीर निघते. भाजीवाली अजून माझी रोजची मैत्रीण आहे. मी हे सुरू केलं ते सोसायटीने गॅलरीत माती भरलेल्या कुंड्यांना हरकत घेतली म्हणून; ओली माती लिटरला दीड किलोच्या वर भरते आणि खालच्यांच्या छताला ओल उतरते, त्यांचं काही चूक नव्हतं. तुमच्याकडे अंगण असेल तर हे सगळं वाचून विसरून जा आणि वाफा करा.

एक माध्यम मी तीन-चार पिकांना वापरते. मधल्या वेळी मुळं वेचून काढायची, भरपूर पाण्यातून धुवायचं, उन्हात पसरायचं. भुसा बारीक होऊन बसायला लागला की ते कढीपत्त्याच्या आणि तुळशीच्या कुंडीत मातीत मिसळते. त्या दोन कुंड्या सोसायटीने चालू दिल्यात.

सुरुवात करायचीच असेल तर पाऊस गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास करा, आणि पालक किंवा लाल माठ लावा. चार-पाच तासांचं ऊन येत नसेल तर मेथी, तीही कोवळी कापायची. कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस घेते, तेवढ्यात धीर सोडू नका. धणे हलके रगडून दोन फाकी करून पेरा. टोमॅटो दुसऱ्या वर्षी.