भाच्यानं ज्वालामुखीत ढकललं 😅
फोंड्यात आज सकाळपासून धो धो पाऊस, लाईट गायब, मग भाच्यानं रंगीत प्लास्टिकचे पिरॅमिड काढून सोप्यावर व्होल्कॅनो मांडला. कोरी हीथ म्हणून एका अमेरिकन माणसानं बनवलेला गेम. पाच बाय पाच असे 25 ढीग, लहान्यावर मधला, त्यावर मोठा, आणि पाच ढिगांवर टोप्या. टोपी शेजारच्या ढिगावर सरकवली की खालचे पिरॅमिड त्याच दिशेला एकेक घर उडत जातात, सारख्या साइजच्या पिरॅमिडवर पडला की खाल्ला. सोपं वाटतं, काय्येक सोपं नाही! तीन डाव हरलो. चौथा जमत आला तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि पदर अडकून अर्धा ज्वालामुखी खाली, तर हा म्हणतो, "मामा, खाली पडलेले माझे हां."