देहरीची वाडी आणि एक मास्तर

उंबरगाव रोड स्टेशनला उतरलं की आपण गुजरातेत असतो, पण रिक्षावाल्याला मराठीत विचारलं तर उत्तर मराठीतच येतं. "देहरीला, सावेंच्या वाडीत," एवढं सांगणं पुरलं.

एप्रिलची दुपार होती. रस्त्यावर डोळे उघडवत नव्हते आणि वाडीत शिरताच एकदम गारवा. वर माडांच्या झावळ्या, त्याखाली चिकूची दाट झाडं, आणि पायाखाली जमीन अशी दिसतच नाही. सगळा पालापाचोळा. मी चप्पल काढली, बसून हातानं पाला बाजूला सारला. खाली ओलसर, दाणेदार माती होती, चहाच्या भुकटीसारखी. गांडुळांनी वर आणून टाकलेली. नाकाशी नेली तर मृगाच्या पहिल्या सरीचा वास. नांगर, खत, फवारणी, काही नाही.

भास्कर हिराजी सावे यांचा जन्म १९२२ चा. सुरुवातीला ते प्राथमिक शाळेत मास्तर होते. शेती सुरू केली तेव्हा रासायनिक खतं वापरून आदर्श शेतकरी म्हणून नाव कमावलं, खताची एजन्सीही घेतली. मग हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की खर्च दरवर्षी चढतोय आणि जमीन थकत चाललीय. मग ते खतं सोडून नैसर्गिक शेतीकडे वळले. चालती एजन्सी असताना त्या वाटेवरून मागे फिरायला काय छाती लागली असेल! मला त्यांच्या सगळ्या आयुष्यात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

या १४ एकरांना त्यांनी नाव दिलं 'कल्पवृक्ष'. पाणी देण्याची रीत बघण्यासारखी आहे. झाडाच्या बुंध्याशी आळं नाही. दोन ओळींच्या मधे चर, पाणी फक्त त्यात, म्हणजे मुळं पाण्याच्या शोधात लांब पसरतात. इथले काही माड वर्षाला ४०० च्या वर नारळ देतात. नैसर्गिक शेतीचे जपानी प्रणेते मासानोबू फुकुओका ही वाडी बघून म्हणाले होते, की माझ्या शेतापेक्षाही ही सरस आहे.

मास्तरकी मात्र सुटली नाही. दर शनिवारी दुपारी वाडी सगळ्यांना खुली असे. भास्करभाई माणसांना झाडाखाली उभं करून शिकवत. २००६ साली, ८४ व्या वर्षी, त्यांनी भारतातल्या हरितक्रांतीचे जनक मानले जाणारे शास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांना लांबलचक खुली पत्रं लिहिली, जमिनीचं काय झालंय ते परखडपणे सांगणारी. २०१५ मध्ये ते गेले.

त्यांचं गणित साधं होतं. झाडाच्या एकूण वाढीत फळं-बिया ५ ते १५ टक्के. तेवढाच आपला वाटा. उरलेलं पान, फांदी, साल, सगळं जमिनीचं, ते तिला परत द्यायचं. दानधर्म म्हणजे आपल्यातलं काढून देणं असं मी समजत आले. इथे तर आधी दुसऱ्याचं बाजूला ठेवायचं आणि मग आपलं घ्यायचं.

निघताना वाडीतल्या एका काकांनी झाडपिका चिकू हातावर ठेवला. खाल्ला. साल आणि बिया मुठीत धरून मी डबा शोधू लागले.

"कुठे निघालात ताई?" काका म्हणाले. "टाका की तिथंच, झाडाखाली."