तुम्ही विचारलंत म्हणून : शंभरपर्यंत येतं, मग वय का सांगत नाही?

हा प्रश्न मला पालक सभेत विचारलाय, एसटीत विचारलाय, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्या बाईने हातातली वरणाची बादली तशीच धरून विचारलाय. "बाई, आमच्या पोराला वन टू हंड्रेड तोंडपाठ आहे, पाहुणे आले की घडाघडा म्हणतंय, पण त्यांनी हाउ ओल्ड आर यू विचारलं की अंगठ्यानं जमीन उकरत बसतंय. असं कसं?" पुढचं वाक्य कुणी बोलत नाही पण चेहऱ्यावर असतं, की मग तुम्ही शिकवता तरी काय.

तर सांगते. मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर पहिली-दुसरीला आहे. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, म्हणजे आता माझ्या वर्गातल्या काही पोरांच्या आयासुद्धा त्याच पहिलीतल्या इंग्रजीतून गेलेल्या आहेत, आणि त्यांनाही वन टू थ्री चालीवर येतं, चाल थांबवली की अडतं. कारण ते आकडे नाहीतच हो, ती चाल आहे. तुम्ही आरतीला उभे असता तेव्हा मधूनच कुणी विचारलं की तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ काय, तर येईल सांगता? मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत यावं लागेल. पोराचं तेच होतं. सेवन नंतर काय विचारा, ते पुटपुटत वनपासून निघतं आणि एटला येऊन थांबलं तर नशीब, नाहीतर सवयीने टेनच्या पुढे निघून जातं. त्याच्यासाठी वनटूथ्रीफोरफाईव्ह हा एकच लांब शब्द आहे. त्यातून सिक्स एकटा उचलून हातात द्यायचा आणि तो सिक्स माझा आहे असं म्हणायचं, हे वेगळं काम आहे आणि ते पाठांतराने होत नाही. पाठांतर वाईट नाही, चाल यायलाच पाहिजे, पण चाल आली म्हणजे आकडा आला असं धरून आपण पाहुण्यांपुढे पोराला उभं करतो तिथे फसगत होते.

बरं, तो प्रश्न तरी बघा कसा आहे. ओल्ड म्हणजे म्हातारा एवढं पोरांना कुठून ना कुठून माहीत असतं. एका पोराला मी पहिल्यांदा विचारलं हाउ ओल्ड आर यू, तर तो रागावलाच, म्हणाला आय नॉट ओल्ड, आजा ओल्ड. मी काय बोलणार, बरोबरच होतं त्याचं. सहा वर्षांच्या पोराला तू किती म्हातारा आहेस असं विचारणारी भाषा, आणि आपण म्हणतो पोरगं बुजतं.

म्हणून मी हल्ली हा प्रश्न आधी विचारतच नाही. आधी केक करते. मातीचा. पाऊस पडून गेला की शाळेमागची काळी माती ओली करायची, ताटलीएवढा गोल थापायचा, वर चिंचोके लावून डिझाईन, आणि मेणबत्त्या म्हणजे खराट्याच्या काड्या. गटागटाने एकेक केक. मग एकेकाने पुढे यायचं आणि आपल्या वयाएवढ्या काड्या खोचायच्या, एक काडी एक शब्द, वन, टू, थ्री, काडी मातीत गेल्याशिवाय पुढचा शब्द म्हणायचा नाही. इथे पहिल्यांदा चाल तुटते. तोंड पुढे पळतं, हात मागे राहतो, बाकीची पोरं ओरडतात "बाई, ह्यानं फाईव्हला दोन काड्या लावल्या!" आणि तो सगळ्या उपटून परत वनपासून. आठवडाभर हा धिंगाणा चालतो, हातपाय चिखलाने भरतात, आया तक्रार करतात, पण शेवटी सहाव्या काडीवर पोरगं थांबतं आणि बघतं, सिक्स. ते थांबणं मला पाहिजे असतं. फुंकर मारायची नाही म्हणून आमच्यात एक आजी येऊन सांगून गेल्या, वाढदिवसाला दिवा लावून ओवाळतात, विझवतात का कधी. म्हटलं आजी, काड्या आहेत त्या, विझणार नाहीत. तेव्हा शांत झाल्या. मग आम्ही औक्षणच करतो, तबकात पणती, कुंकू, अक्षता, सुपारी, आणि तोंडाने हॅपी बर्थडे. चालतं सगळं एका ताटात. बड्डे हा शब्द तर शिकवायलाच लागत नाही, चौकातल्या फ्लेक्सवर वर्षभर कुठल्या ना कुठल्या भाऊंचा बड्डे लटकलेला असतोच, केक, फुगे, गिफ्ट, टोपी, पोरांना सगळं माहितीय. मला फक्त फुग्याचं बलून आणि टोपीची कॅप करायची असते, ते दोन दिवसांचं काम. आकड्याचं काम महिन्याचं.

तर ह्या काड्यांवरूनच मला एक गोष्ट कळली जी मला डीएडला कुणी सांगितली नव्हती. एक पोरगी केकपाशी आली, सहा काड्या बरोबर खोचल्या, मग सातवी घेतली, तिचे मोडून दोन तुकडे केले आणि अर्धा तुकडा खोचला. म्हटलं हे काय गं? तर म्हणे, "मला सातवं चालूय ना बाई." आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण मराठीत वय दोन तऱ्हेने सांगतो. सहा पूर्ण झाली, किंवा सातवं लागलं. घरी आजी म्हणते सातवं लागलंय पोरीला, शाळेच्या फॉर्मवर बाप लिहितो सहा पूर्ण, आणि इंग्रजीला फक्त पूर्ण झालेलं चालतं, लागलेलं चालत नाही. म्हणजे पोरगं गप्प बसतं ते येत नाही म्हणूनच असं नाही, कधीकधी त्याला दोन उत्तरं येत असतात आणि बाईंना कुठलं पाहिजे ते कळत नसतं. किती वर्षं मी ह्या पोरांच्या सेवनवर चूक म्हणून काट मारली असेल देव जाणे. आता मी स्पष्ट सांगते, इंग्रजीत आख्ख्या काड्याच मोजायच्या, अर्धी काडी मनात ठेवायची.

पुढचा घोळ तेरापासून. आणि इथे मला इंग्रजीची बाजू घ्यावी लागते, घेते. आपले मराठी आकडे म्हणजे पोरांच्या दृष्टीने जंगल आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी, म्हणून पोरं ५२ लिहून ठेवतात. एकोणतीस ऐकलं की कानात तीस पडतं, मग ३९. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला वीस एक, वीस दोन असंही आलं तेव्हा टीव्हीवर केवढा धुरळा उडाला आठवत असेल, मराठी बुडाली म्हणून. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या, त्या परोपरीने सांगत होत्या की लहान पोरांना उलटा क्रम आणि जोडाक्षरं जड जातात, पण ऐकायला कुणाला वेळ होता. ज्यांनी पहिलीच्या पोराचं त्रेसष्ट चौसष्ट ऐकलंय त्यांनी त्या पुस्तकावर हसू नये एवढंच मी म्हणेन. इंग्रजीत ट्वेन्टीफाईव्ह जसं बोलायचं तसंच लिहायचं, आधी वीस मग पाच, सरळ रस्ता. फक्त थर्टीन ते नाइन्टीन ही गल्ली आपल्यासारखीच उलटी, तीन आधी आणि दहा नंतर, आणि वर थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टी ही जुळी भावंडं. पोरांना ते शेवटचं न ऐकूच येत नाही. मी टीन म्हणताना हात लांब ताणून दाखवते, टीऽऽन, आणि टी म्हणताना चिमटी, आणि वाढदिवसाचाच हिशेब घालते, दादा थर्टीन, बाप थर्टी, काड्या कुणाच्या जास्त? बापाच्या केकला काड्या पुरत नाहीत, खराटा सोडावा लागतो, मग लक्षात राहतं. थोडं.

लिहिण्याचं तर विचारूच नका. इंग्रजी नऊ आणि आपला १ सख्खे भाऊ, इंग्रजी आठ आणि आपला ४ चुलत. मराठी पाटीवर चार आणि इंग्रजी वहीत आठ, पोराला हात एकच. त्याबद्दल कधीतरी वेगळं बोलू.

तारखेचं मात्र सांगायलाच हवं कारण सगळ्यात जास्त गोंधळ मी स्वतः तिथे घातलाय. फर्स्ट, सेकंड, थर्ड, ट्वेल्फ्थ हे पहिलीला मी शिकवत नाही, आपण मराठीत पाच जून म्हणतो, पाचवा जून म्हणत नाही, मग जून फाईव्ह म्हणालं पोरगं तर कुणाचं काही बिघडत नाही. महिने तर जून, जुलै, ऑगस्ट आपलेच झालेत. म्हणून मी फरशीवर खडूने बारा चौकोन आखते आणि म्हणते आपापल्या महिन्यात उभे राहा. पहिल्या वर्षी अर्धी पोरं उभीच राहिली नाहीत. कारण दाखल्यावर तारीख आहे पण घरात तारीख नाही. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला" एवढं आईला पक्कं माहीत. आता पोळा २०२२ ला ऑगस्टच्या शेवटी होता आणि २०२३ ला अधिक श्रावण आला म्हणून सप्टेंबरच्या मध्यावर गेला, पोराने कुठल्या चौकोनात उभं राहायचं? आता मी आधीच दाखले काढून प्रत्येकाची तारीख चिठ्ठीवर लिहून देते आणि पोळावाला दोन्ही चौकोनांत एकेक पाय ठेवून उभा राहतो. त्याला काही अडचण नाही, वाढदिवस दोन म्हणून खुशच असतो.

आणि चॉकलेटचं. आधीच्या शाळेत मी मोठ्या हौसेने वाढदिवसाचा तक्ता लावला होता, ज्याचा वाढदिवस त्याने चॉकलेट वाटायचं, आम्ही गाणं म्हणायचं, थँक्यू म्हणायचं, संवाद तयार. छान चाललं होतं. मग दुसरीतला एक मुलगा, रोज येणारा, नेमका वाढदिवसाला गैरहजर. दुसऱ्या दिवशी विचारलं तर पोट दुखत होतं म्हणाला. पुढच्या महिन्यात एक मुलगी. तिचंही पोटच. मला कळायला तिसरं पोट लागलं. तीस चॉकलेटं म्हणजे आमच्यासाठी काही नाही, पण खुरपायला जाणाऱ्या बाईला विचारा. तक्ता त्याच दिवशी काढला. तेव्हापासून माझ्या वर्गात वाढदिवसाला मातीचा केक, आणि तो शाळेचा असतो, पोराने काही आणायचं नाही. कुणी आणलंच तर डब्यात जमा, शनिवारी सगळ्यांना.

खडूच्या चौकोनांत अजून एक दिसतं. दसरा-दिवाळीनंतर आमच्याकडचे कोयते ऊसतोडीला निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरं पण बरोबर, ती परत येतात पाडव्याच्या आसपास. काही हंगामी वसतिगृहात नाहीतर आजा-आजीजवळ थांबतात, पण सगळी नाही. म्हणजे नोव्हेंबर ते मार्चमध्ये जन्मलेल्या पोराचा वाढदिवस शाळेत कधी येतच नाही. म्हणून आम्ही सगळे निघायच्या आत, सहामाहीच्या सुट्टीआधी, त्या सगळ्यांचा एकदम करून टाकतो, एक मोठा केक आणि ज्याच्या त्याच्या काड्या. आणि जमलं तर त्या त्या दिवशी मुकादमाच्या नाहीतर बापाच्या मोबाईलवर फोन लावते, स्पीकरवर ठेवते. मागच्या जानेवारीत एकाला लावला, मागे ट्रॅक्टरचा आवाज, वर्ग ओरडला हाउ ओल्ड आर यू, आणि पलीकडून काहीच नाही, नुसती धडधड. मला वाटलं गेलं, तीन महिन्यांत सगळं विसरला. मग आवाज आला, "थांबा, मोजतोय." उसाची कांडकी मोजत होता बहुतेक. "सेवन!" अर्धी पूर्ण झाली होती त्याची.

तर तुमच्या पोराचं. घरी पाहुण्यांपुढे विचारू नका, भाकरी थापताना विचारा, किती झाल्या, मग त्याचं किती. हाउ ओल्ड राहू द्या बाजूला. नुसतं सिक्स म्हणाला तरी पूर्ण उत्तर आहे, आय अ‍ॅम आणि इयर्स ओल्ड मागून येतं. आणि सेवन म्हणाला तर आधी विचारा, लागलंय का.

आमच्या त्या फुंकरवाल्या आजी अजून येतात नातवाला न्यायला. त्यांचा वाढदिवस एक जून. त्यांच्या जावेचा एक जून, व्याह्यांचाही एक जून, त्या काळी गुरुजींनी शाळेत नाव घालताना सगळ्यांचा एकाच दिवशी करून टाकलेला. ह्या जूनात शाळा उघडली तर नातवाने आजीचं वय इंग्रजीत सांगायचं ठरवलं, आधार कार्डावर बघून हिशेब मी केला होता, साठ. तो उभा राहिला, छाती फुगवली आणि म्हणाला, "माय आजी इज सिक्स्टीन." मी हात चिमटीत धरून दाखवतेय, टी, टी, पण त्याचं लक्षच नाही. आजीने विचारलं काय म्हनला? म्हटलं, सोळा म्हणाला. आजीने पदर तोंडाला लावला. "मंग पूर्ण का लागलंय, ते इचारा की त्याला."