फॉर्म भरणारे दोघं असतात

ऑनलाइन फॉर्म डिझाइन करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर जो माणूस असतो ना, तो एकटा असतो. लॅपटॉप उघडलेला, कागदपत्रं स्कॅन करून ठेवलेली, पासवर्ड पाठ. असा माणूस मी तरी अजून बघितलेला नाही. आपल्याकडे फॉर्म दोघं भरतात, एक ज्याचा फॉर्म आहे तो आणि दुसरा ज्याला "जरा एवढं भरून दे रे" म्हटलंय तो, म्हणजे पुतण्या, शेजारची कॉलेजातली मुलगी, नाहीतर सायबर कॅफेवाला. आणि ओटीपी येतो तिसऱ्याच्याच फोनवर, कारण आधारला नंबर सुनेचा दिलेला.

आमच्या घरात हे पुतण्याचं खातं माझ्याकडे आहे, त्यात नोकरीही स्क्रीन डिझाइन करायचीच, त्यामुळे चिडचिड डबल.

"काका, आयएफएससी कोड?"
"तो आणि कुठला?"
"पासबुकवर असतो बघा."
"थांब, कपाटात आहे."

कपाटाची किल्ली काकूकडे, काकू पूजेला बसलेली. पासबुक येईपर्यंत स्क्रीनवर 'युवर सेशन हॅज एक्सपायर्ड', की परत नावापासून सुरुवात. सेफ्टीसाठी टाइमआउट लागतो, मान्य, पण वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून जे डब्ल्यूसीएजी नावाचे जागतिक नियम आहेत त्यात म्हटलंय की वेळ संपायच्या आधी सांगा आणि एक बटण दाबून ती वाढवता येऊ दे, त्यासाठी निदान २० सेकंद द्या. २० सेकंदांत काकूची पूजा उरकणार नाही, पण बटण तर मी दाबीन ना!

खरं तर पहिल्याच पानावर 'पासबुक, आधार, फोटो जवळ घेऊन बसा' एवढं लिहिलं तरी निम्मी धावपळ वाचते. लांबलचक फॉर्मला लोक घाबरतात असं म्हणतात, मला नाही वाटत. अकरावीचा ऑनलाइन अर्ज बघा, भाग १ मध्ये वैयक्तिक माहिती, भाग २ मध्ये कॉलेजांचा पसंतीक्रम. भाग १ भरून टाकायचा आणि मग कुठलं कॉलेज वर टाकायचं यावर घरात निवांत भांडायचं. ती पायरी बरोबर तिथे तोडलीय जिथे माणसं खुर्चीतून उठतात. बाकी ठिकाणी दर दहा रकाने झाले की पान बदलायचं, एवढाच हिशोब दिसतो.

ब्रिटिश सरकारच्या डिझाइनवाल्यांचा नियम आहे, एका पानावर एकच गोष्ट विचारा. हे मला फार आवडतं कारण ते मोठ्याने वाचता येतं, मी वाचतो, काका उत्तर देतात. एका पानावर दोन कॉलममध्ये सगळं कोंबलं की मी काकांना विचारणंच सोडून देतो आणि मनाने भरत सुटतो. मात्र तेच लोक म्हणतात की 'किती पायऱ्या झाल्या' ही पट्टी आधी न लावता बघा, ते काही पटत नाही बुवा. इथे दर दोन मिनिटांनी "अजून किती राहिलंय?" येतं, मला '७ पैकी ३' दिसायलाच हवं.

पत्त्याचं तर काय सांगावं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, श्रीराम भिकाजी वेलणकरांची ती कल्पना, आणि नुसता पहिला आकडा ४ दिसला तरी कळतं की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश नाहीतर छत्तीसगड. मग आधी पिन विचारा की, राज्य-जिल्हा आपोआप भरू द्या! पण नाही, अंदमानपासून यादी स्क्रोल करायची आणि पिन सगळ्यात शेवटी. जन्मतारखेला कॅलेंडर, काका १९५१ चे, मागचा बाण दाबून दाबून बोट दुखतं, तिथे दिवस-महिना-वर्ष असे तीन साधे चौकोन पुरतात.

शेवटी सगळी उत्तरं एकत्र दाखवणारं पान असलं तर काका चष्मा लावून स्वतः वाचतात, आणि चूक त्यांनाच सापडते, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एच राहिलाय. अशा वेळी त्या ओळीसमोर 'बदला' हवं, बदललं की परत त्याच पानावर. नसलं की काका म्हणणार, "राहू दे रे, एका एचने काय होतंय." होतं ना, बँकेतल्या नावाशी जुळत नाही आणि पैसे अडकतात, म्हणून मी दुसऱ्या पानावर जातो आणि तिथून पुन्हा सगळीकडे सेव्ह अँड नेक्स्ट, सेव्ह अँड नेक्स्ट, आणि कॅप्चा नवा.