वाटी रिकामी आहे

भाचीला कुत्रा पाहिजे. वय साडेपाच, घर परळला, वन बीएचके, माणसं पाच, त्यातली आजी गुडघ्यांमुळे चपलेला पण अडखळते. तर दादाने नेहमीचा तोडगा काढला, म्हणजे मला फोन केला, की तू पुस्तकं वाचतेस ना, मग असं एखादं आण की तिला कळेल कुत्रा म्हणजे खेळणं नाही. नाही म्हणायचं असतं बापाला आणि कामाला लागते आत्या.

गेले लायब्ररीत. लहान मुलांची पुस्तकं सगळ्यात खालच्या कप्प्यात असतात, त्यामुळे फतकल मारून बसले आणि तासभर नुसती कुत्र्यामांजरांची पुस्तकं चाळली. चित्रपुस्तकं बरीचशी 32 पानांची असतात, कारण छापताना मोठ्या कागदाला घड्या पडून सोळा-सोळा पानांचा फॉर्म होतो, म्हणजे लेखकाला मोजकीच जागा. त्यात चौथ्या पानावर पावसात भिजलेलं पिल्लू सापडतं, दहाव्यावर आई नाही म्हणते, विसाव्यावर ते हरवतं आणि शेवटच्या पानावर सगळे त्याला घट्ट मिठी मारून उभे. बरं. मग शी कोण काढतं? दिवाळीत फटाक्यांना घाबरून ते पलंगाखाली जातं तेव्हा तिकडे आडवं पडून त्याला कोण समजावतं? यासाठी 32 मधलं एकसुद्धा पान नाही.

आणि चुका तरी किती! मांजर दिसलं की समोर दुधाची बशी, डॉक्टर सांगून थकले की मोठ्या मांजरांना बऱ्याचदा दूध पचत नाही, पोट बिघडतं. गोल्डफिश कायम त्या गोल काचेच्या भांड्यात, जिथे त्याला धड पोहायलाही जागा नाही. आणि पिंजऱ्यातला हिरवा पोपट, तोही हसरा! 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे आपला हा पोपट घरात पाळणं गुन्हा आहे. अर्थात मी कोणाला बोलणार, आमच्या चाळीत गॅलरी तिथे मिठू होता आणि मी त्याला मिरची भरवायला रांग लावायचे. शिवाय आपण वाढलो कशावर, तर चिऊताईच्या गोष्टीवर, काऊ बिचारा पावसात कुडकुडतोय आणि ती आतून थांब बाळाला न्हाऊ घालते, थांब बाळाला तीट लावते. लहानपणी मला त्या चिमणीचं कौतुक वाटायचं, आता वाटतं बाई, दार तरी उघड!

शेवटी एक बरं मिळालं. रविवारी वाचायला बसलो. एका पानावर मुलगी कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून बसलीय, खाली लिहिलंय की तिला तो खूप आवडायचा. मी वाचून पान उलटायला गेले तर भाचीने हात धरला. "आत्तू, त्याला नाही आवडत." मी म्हटलं कशावरून. तर म्हणे बघ ना, तोंड तिकडे केलंय त्याने, आणि डोळ्याचं पांढरं दिसतंय. खरंच की. कान मागे, मान वळलेली, कुत्रा अवघडला की असाच दिसतो, चित्रकाराने बरोब्बर काढलं होतं आणि शब्दांत त्याचा पत्ता नव्हता. मला वाचता येतं म्हणून मी ओळीवरून धावत होते, तिला येत नाही म्हणून ती कुत्र्याकडे बघत होती.

पुढच्या पानावर परत थांबली. कोपऱ्यात कुत्र्याची वाटी होती, ती रिकामी. "पाणी नाहीये त्याला." गोष्टीत त्याबद्दल अवाक्षर नाही, मुलगी शाळेत निघालीय एवढंच.

मग तिनेच बैलघोडा काढलं. परळचं प्राण्यांचं हॉस्पिटल, 1874 साली सुरू झालेल्या संस्थेचं, खरं नाव बाई साकरबाईंचं पण आजीपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे बैलघोडाच म्हणतात. शाळेतून येताना गेटवर टॅक्सीतून एक काका उतरले, टॉवेलमध्ये गुंडाळलेला कुत्रा घेऊन, असं म्हणाली. "काका रडत होते. मोठे असून." मी काही बोलले नाही, तीच पान उलटून पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा मेसेज, मॅडमनी जिन्यातल्या बोक्यासाठी पाण्याची वाटी ठेवलीय, स्टीलची, पाहुण्यांच्या सेटमधली. आम्ही सगळे गहिवरलो, दादाने फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, आजीने चार हार्ट टाकले. बुधवारी वाटी कोरडी. भाची कार्टून बघत होती, पाणी वहिनीने भरलं. गुरुवारी पण वहिनीनेच. माया एका रविवारी आली हो, पण रोज भरायचं हे रोजच असतं, ते कुठल्या पानावर काढणार? एकच चित्र तीसदा छापलं तर प्रकाशक हाकलून देईल. गंमत म्हणजे पोरीला मात्र तेच पुस्तक रोज रात्री लागतं, तेच, त्याच आवाजात, एक शब्द गाळलेला चालत नाही, आणि झोपेने डोळे मिटत असताना दादा ते वाचतो. कुत्र्याला सकाळी सहाला खाली न्यायची प्रॅक्टिस चाललीय त्याची, त्याला माहीत नाही एवढंच.

काल पुस्तक परत न्यायला गेले. सवयीने पानं चाळली आणि शाळेच्या त्या पानावर हात थांबला. वाटी भरलेली होती. निळ्या स्केचपेनने, काठोकाठ, थोडं पाणी फरशीवर पण सांडलेलं. लायब्ररीचं पुस्तक, दंड होणार नक्की. मी वहिनीला काही बोलले नाही, पिशवीत टाकलं आणि पंधरा दिवसांसाठी रिन्यू करून आणलं.